सूचना पुसतानाची हालचाल: ग्नोम डेस्कटॉपचे उदाहरण

लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर सूचना घड्याळाखालच्या यादीत साठतात. 2015 च्या 3.16 आवृत्तीपासून त्यांची जागा तीच. ‘क्लिअर’ दाबल्यावर सगळी यादी एका क्षणात कोरी झाली, तर काहीतरी बदलले एवढेच डोळ्याला कळते, काय बदलले ते कळत नाही. हालचाल हवी ती त्यासाठी.

त्यानंतरच्या अनेक आवृत्त्यांत ग्नोम शेलने हे फार सुरेख सोडवले आहे. एकाहून अधिक सूचना असल्या की त्या एकापाठोपाठ एक बाजूला सरकतात आणि फिकट होत जातात. प्रत्येकीला मिळतात 100 मिलिसेकंद. खरी कारागिरी दोन सूचनांमधल्या अंतरात आहे. ते कायम ठेवले असते, तर पन्नास सूचना पुसताना माणूस ताटकळला असता. इथे 100 मिलिसेकंदांना सूचनांच्या संख्येने, पण किमान पाचाने भागतात. यादी कितीही लांब असो, सगळे सुमारे 200 मिलिसेकंदांत आटोपते. वेग सुरुवातीला जास्त, शेवटी मंद. डिस्नेच्या चित्रकारांना ही मंदावण्याची किमया फार आधीच गवसली होती.

सेकंदाला 60 चौकटी दाखवणाऱ्या पडद्यावर 100 मिलिसेकंदांत सहाच चौकटी बसतात, त्यामुळे एक हुकली तरी धक्का जाणवतो. म्हणून फक्त जागा आणि पारदर्शकता बदलणे उत्तम. उंची बदलली की दर चौकटीला पूर्ण यादीची मांडणी नव्याने करावी लागते. हालचालीने गरगरणाऱ्यांना सेटिंग्जमधून ॲनिमेशन बंदही करता येते.