जुन्या मोटारीचे एंजिन का तापते?

वैशाखातील दुपारी बोरघाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार, रेडिएटरातून उसळणारी वाफ आणि हातात पाण्याचा डबा घेऊन निघालेला चालक, हे एके काळी नित्याचे दृश्य होते. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होणारी अँबॅसॅडर आणि मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी, या दोन मोटारींनी देशातील कित्येक पिढ्यांना वाहून नेले. पद्मिनीच्या शेवटच्या टॅक्सीने मुंबईचे रस्ते २०२३ मध्ये सोडले. तरी हौसेने जपलेल्या आणि आडगावी अजून राबणाऱ्या अशा मोटारी आजही पुष्कळ आहेत. त्यांचे एंजिन तापले म्हणजे पुढील काही मिनिटांत चालक काय करतो, यावर केवळ पाण्याचा प्रश्न सुटतो की एंजिनच उघडावे लागते, हे ठरते.

पेट्रोलच्या ज्वलनातून निघालेल्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत जाण्याजोग्या शक्तीत रूपांतरित होतो. सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर बाहेर पडतो आणि जवळजवळ तेवढाच सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. जळत्या वायूचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांना वितळते. धातू टिकतो तो पाणी ही उष्णता अखंड वाहून नेते म्हणूनच. चढावर रेडिएटरचे काम पूर्णपणे थांबले, तर दोन-तीन मिनिटांतच पाणी उकळीला येते. उष्णतेचा हा जमाखर्च एकदा ध्यानात आला म्हणजे दोष शोधणे सोपे होते. जमा वाढली आहे की खर्च घटला आहे, एवढाच मूळ प्रश्न. जुन्या मोटारीत बहुधा खर्चच घटलेला असतो.

पाण्याचा मार्ग असा. एंजिनच्या पुढील बाजूस बसविलेला पंप रेडिएटरच्या तळातून थंड पाणी ओढतो व सिलिंडरांभोवतालच्या पोकळीत ढकलतो. तापलेले पाणी वर चढून थर्मोस्टॅट नावाच्या झडपेतून रेडिएटरच्या माथ्यावर येते आणि बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याने ओढलेल्या हवेला आपली उष्णता देते. या वर्गातील बहुतेक मोटारींत पंखा, पंप आणि वीज निर्माण करणारा डायनॅमो हे तिन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात. म्हणूनच तापमानाचा काटा चढत असतानाच डॅशबोर्डावरील लाल दिवाही लागला, तर पट्टा तुटला असे खुशाल समजावे. अशा वेळी फर्लांगभरही पुढे जाणे इष्ट नव्हे.

रेडिएटरचे झाकण हे साधे बूच नाही. त्यातील स्प्रिंग आतील दाब वाढू देते आणि दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. हवेच्या दाबाहून अर्धपट अधिक दाबाखाली पाणी १११-११२ अंशांपर्यंत उकळत नाही. उलट, उंचावर हवेचा दाब कमी झाल्याने उत्कलनबिंदू दर ३०० मीटरांस सुमारे एक अंश उतरतो. दार्जिलिंगला उघडे पाणी ९३ अंशांनाच उकळते. झाकणाचे रबर झिजले असेल तर अन्यथा निर्दोष मोटारही डोंगरात उकळू लागते, त्याचे कारण हेच. अशा वेळी शेकडो रुपयांची दुरुस्ती करण्याऐवजी आधी झाकण बदलून पाहावे.

हेच झाकण सर्वांत मोठ्या अपघाताचे कारणही होते. समजा, रेडिएटर व एंजिन मिळून सात लिटर पाणी ११२ अंशांवर आहे आणि कोणी घाईने झाकण फिरविले. दाब नाहीसा होताच जास्तीच्या बारा अंशांची उष्णता त्यातील सुमारे दीडशे ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ करते आणि तेवढी वाफ अडीचशे लिटरांहून अधिक जागा मागते! ही वाफ उकळते पाणी सोबत घेऊनच उसळते. चेहरा व हात भाजण्याचे असे प्रसंग थोडे नाहीत. एंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे. वरची रबरी नळी दाबून मऊ लागल्यावरच झाकणावर जाड फडके टाकून ते सावकाश सैल करावे. तापलेल्या एंजिनात एकदम गार पाणी ओतणेही तितकेच घातक, कारण असमान आकुंचनाने ओतीव लोखंडाला तडा जातो.

निदानाची पहिली पायरी म्हणजे एंजिन खरोखर तापले आहे काय, हे पाहणे. वाफ, वास किंवा खदखद काहीच नसताना केवळ काटाच वर असेल तर संशय काट्यावर घ्यावा. त्या काळच्या अनेक मोटारींत पेट्रोलचा व तापमानाचा असे दोन्ही काटे एकाच विद्युत्-नियामकावर चालत. तो बिघडला की दोन्ही काटे एकदम जास्त दाखवितात. उलटही घडते. पाणी पार गळून गेले असता तापमापकाचे टोक कोरडे पडते आणि एंजिन जळत असतानाही काटा खाली येतो. चढलेला काटा अचानक उतरला तर हायसे वाटू देऊ नये.

यानंतर विचारावयाचा प्रश्न एकच, पण मोलाचा: मोटार तापते केव्हा? कुशल मेस्त्री हत्यार उचलण्यापूर्वी हेच विचारतो. गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर पाणी वाहते आहे, हवाच अपुरी पडते आहे. ढिला व तेलकट पट्टा, वाकलेला पंखा किंवा रेडिएटरच्या जाळीत अडकलेले कीटक, भुसा व चिखल हे येथील आरोपी होत. याउलट गर्दीत ठीक, पण वेगात किंवा चढावर तापते, तर हवा भरपूर आहे, पाणीच पुरेसे फिरत नाही. नळ्या चोंदल्या असतील, पंपाची पाती गंजून झिजली असतील, किंवा खालची रबरी नळी पंपाच्या ओढीने चिपकत असेल. या शेवटच्या दोषाने अनेकांना चकविले आहे. नळी चिपकू नये म्हणून तिच्यात तारेचे वेटोळे असते. ते गंजून गेले की एंजिन जोरात फिरताच नळी आत ओढली जाते व थांबताच पूर्ववत् होते. तपासणीच्या वेळी ती निर्दोषच दिसते. एकाने एंजिनचा वेग वाढवावा आणि दुसऱ्याने पंख्यापासून दूर राहून नळीकडे पाहावे, म्हणजे दोष उघड होतो.

नळ्या चोंदण्याचे मूळ बहुधा विहिरीत असते. वाटेत लागेल तेथील जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने त्यातील क्षार धातूवर थर धरतात. हा थर उष्णतेला मोठा अडसर आहे. त्याचा एक मिलिमीटर म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर लोखंडाची भिंत आड येण्यासारखे होय. गंज व गाळ एंजिनच्या मागील बाजूस, शेवटच्या सिलिंडराभोवती साचतो. तेथील तोटी उघडूनही पाणी येत नसेल, तर तारेने टोचून पाहावे. बाहेर पडणारा लालसर चिखल पुष्कळ काही सांगून जातो. रेडिएटरची परीक्षा हाताने होते. एंजिन बंद करून जाळीवर सर्वत्र हात फिरवावा. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तेथील नळ्या बंद आहेत.

थंड एंजिन सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते आणि रेडिएटर मात्र गारच राहतो, तर थर्मोस्टॅट मिटलेला राहिला आहे. तो काढून पाण्याच्या पातेल्यात दोरीने टांगावा, शेजारी तापमापक ठेवावा व पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास, सामान्यतः ८० ते ९० अंशांच्या दरम्यान, तो उघडला पाहिजे. आपल्याकडे तो काढून फेकून देण्याची रीत फार. उष्ण देशात त्याची गरज काय, असा युक्तिवाद केला जातो. पण त्यामुळे एंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, पेट्रोल अधिक जळते व सिलिंडर लवकर झिजतात. काही एंजिनांत तर उपमार्ग मोकळा राहून थोडे पाणी रेडिएटर टाळूनच फिरते आणि मोटार आणखी तापते. ही रीत मोडावी हेच बरे.

जमेची बाजू वाढण्याची कारणे थोडी. ठिणगी उशिरा पडली तर ज्वलन पिस्टन खाली जात असतानाही चालू राहते आणि शक्तीऐवजी भिंती तापतात. घट्ट बसलेले ब्रेकही एंजिनवर भार टाकतात.

सर्वांत भयाचा दोष हेड गॅस्केटचा. पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे आणि खालचा ब्लॉक लोखंडाचा; ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चाळीस सेंटिमीटर लांबीत शंभर अंश जास्तीचे तापमान वाढले, तर दोहोंतील फरक अर्ध्या मिलिमीटरला पोहोचतो. बोल्टांनी जखडलेले हेड मग वाकते व मधले गॅस्केट फुटते. बाहेर गळती नसताना पाणी घटत जाणे, एंजिन गरम झाल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येणे, तेलावर दुधाच्या सायीसारखा थर दिसणे, ही त्याची चिन्हे. निश्चितीसाठी एक सुंदर रासायनिक कसोटी आहे. रेडिएटरच्या तोंडावरील हवा ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रवातून ओढतात. ज्वलनाचे वायू पाण्यात शिरत असतील, तर त्यांतील कार्बन डायऑक्साइडमुळे द्रव आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो. निळाच राहिला, तर हेड उघडण्याची घाई करू नये.

दुरुस्तीनंतर पाणी भरताना आत हवा कोंडते व तीही खोट्या तापाचे कारण होते. उर्ध्वपातित पाण्यात गंजरोधक शीतक मिसळून, झाकण उघडे ठेवून एंजिन मंद चालवावे. थर्मोस्टॅट उघडताच बुडबुडे येऊन पातळी उतरते. तेवढी भर घालावी, झाकण लावावे व थोडे अंतर चालवून एंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.