वजनाच्या ऑपरेशनआधी कागद जमवा

खता-बियाण्यांवर लिहिणारा माणूस आज ऑपरेशनवर कसा, असे वाटेल. आमच्या भागातल्या एका ताईंचा विमा मंजुरीचा अर्ज नुकताच परत आला. वजन भरपूर, साखर आटोक्याबाहेर; पण आधी पथ्य, औषध करून पाहिल्याचा एकही कागद नव्हता!

विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे वय १८ पूर्ण, डॉक्टरांचा सल्ला आणि बीएमआय ४० हवा. आटोक्यात न येणारा मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असेल अन् इतर उपाय थकले असतील, तर ३५ चालतो. हिशेब सोपा आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ४० म्हणजे साधारण १०२ किलो.

म्हणून दर महिन्याला दवाखान्यात वजन करून केसपेपरवर तारखेसह लिहून घ्या. आडतीवरच्या काट्याचे वजन तिथे चालत नाही. आहारतज्ज्ञाची चिठ्ठी जपा. तंबाखू, मिश्री आधीच सोडा, नाहीतर जखम लवकर भरत नाही. ऑपरेशनपूर्वी बहुधा दोन आठवडे अगदी हलका आहार देतात. त्याने यकृत आकसते, सर्जनला जागा मिळते. पुढे जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, सुगीतसुद्धा. तारीख पेरणीच्या तोंडावर धरू नका आणि मंजुरी लेखी आल्याशिवाय भरती होऊ नका.

त्या ताईंनी आता नवी वही घातली आहे.