धुराची लांबलेली वाट

पेटलेल्या ओंडक्याकडे अगदी जवळून पाहा. ज्वाळा लाकडाला चिकटलेली नसते. दोघांमध्ये एक बारीक फट असते. कारण जळत असतो तो लाकडातून निघालेला वायू! लाकूड तापलं की त्याच्यातून ज्वलनशील वायू आणि वाफा बाहेर पडतात. सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग असा हवेत निघून जातो. मागे राहतात ते निखारे. या वायूंना नीट जळायला भरपूर हवा लागते आणि साधारण ६०० अंश सेल्सियसची धग लागते. तेवढी मिळाली नाही, की ते न जळताच धूर होऊन वर जातात. धुराड्यातून निघणारा काळा धूर म्हणजे पैसे मोजून आणलेलं आणि न वापरताच हवेत सोडलेलं सरपण.

घर उबदार ठेवण्याची सारी विद्या दोन गोष्टींत आली: आधी हा धूर जाळायचा आणि मग त्याची उष्णता घरातच अडवायची. युरोपातल्या जुन्या घरांत भिंतीतल्या उघड्या चुलाण्यात आग पेटवत. डोळ्यांना सुख मोठं, पण उष्णतेचा जेमतेम १० ते २० टक्के वाटा खोलीला मिळे. बाकीची धुराड्यातून वर जाई आणि जाताना खोलीतली उबदार हवाही ओढून नेई.

अठराव्या शतकात स्वीडनमध्ये जळणाची टंचाई भासू लागली. खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या जंगलं फस्त करत होत्या, आणि हिवाळा काही थांबणारा नव्हता. कमी लाकडात घर तापवणारी भट्टी तयार करण्याचं काम वास्तुरचनाकार कार्ल योहान क्रोन्स्टेट आणि सेनाधिकारी फाबियान व्रेडे यांच्याकडे आलं. १७६७ मध्ये त्यांनी काढलेला तोडगा थक्क करणारा होता. त्यांनी आग बदलली नाही, धुराची वाट लांबवली! विटांच्या भट्टीच्या पोटात धूर आधी वर चढतो, मग बाजूच्या मार्गांनी खाली उतरतो, पुन्हा वर वळतो आणि मगच धुराड्याला लागतो. एवढ्या वळणांत तो आपली उष्णता विटांना देऊन टाकतो. आपल्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीभोवतीचं पाणी जे काम करतं, तेच इथे विटा करतात.

विटांची ताकद आकड्यांत पाहू. एक टन विटा ५० अंशांनी तापल्या, की त्यांच्यात सुमारे ३ किलो सुक्या लाकडाची उष्णता साठते. हजार वॅटचा हीटर अकरा-बारा तास चालवावा, तेवढी ही ऊब! म्हणून ही भट्टी दिवसातून एकदा-दोनदाच, पण चांगली धडाडून पेटवतात. रात्रभर आग धुमसत ठेवावी लागत नाही. आग विझल्यावर भट्टीवर बाहेरून बसवलेल्या चकचकीत फरशा तासन्‌तास ऊब देत राहतात.

मात्र धुराकडून सगळीच उष्णता काढून घेता येत नाही. तो फार थंड झाला, तर धुराडं ओढ घेत नाही आणि आत चिकट डांबर साचतं. पुढे तेच पेट घेऊ शकतं. उष्णता वाचवायच्या घाईत निखारे धगधगत असताना धुराड्याची झडप लावली, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत भरतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

आणि भट्टी कितीही उत्तम असली, तरी लाकूड सुकं हवं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उकळण्यातच त्या लाकडाच्या उष्णतेचा सुमारे सातवा हिस्सा खर्ची पडतो. शिवाय वाफेने आग मंदावते, वायू अर्धवट जळतात आणि धूर वाढतो. म्हणून जाणती माणसं लाकडं फोडून, वारा खेळेल अशी रचून, निदान एक उन्हाळा वाळवतात. २० टक्क्यांखाली ओल उतरली, की लाकूड जळायला तयार झालं.

भट्टी नीट चालली आहे का, हे पाहायला कोणतंही यंत्र लागत नाही. आग चांगली पेटली, की बाहेर जाऊन धुराड्याच्या तोंडाकडे पाहायचं. धूर जवळपास दिसेनासा झाला असेल, तर सरपण खरोखर जळतंय. दाट धूर दिसला, तर लाकूड ओलं आहे किंवा आगीला हवा कमी पडते आहे. परसातला बंबही याच कसोटीवर तपासता येतो.