मोटार दुरुस्त करणारा हात गावातच तयार करा



गहू पोटरीत आलेला असतो आणि नेमकी तेव्हाच विहिरीवरची मोटार जळते. मग ती वर काढा, टेम्पोत घाला, तालुक्याला न्या. वाइंडिंगवाल्याकडे आधीच दहा मोटारी रांगेत. चार-पाच दिवस मोडले की उतारा घटलाच म्हणून समजा. अन् इकडे गावात दहावी झालेली पोरं पारावर बसून असतात. या पोरांच्या हाताला हे काम शिकवणारी सोय बहुतेक तालुक्यांत आहे. तिचं नाव औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आय.टी.आय.

ही कारागीर प्रशिक्षण योजना देशात 1950 साली सुरू झाली. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आय.टी.आय. आहेत. 'औद्योगिक' हा शब्द ऐकून पुष्कळांना वाटतं, हे कारखान्यात जाणाऱ्यांचं शिक्षण. पण तिथल्या निम्म्या व्यवसायांचं काम आपल्या शिवारातच पडलेलं आहे.

वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियनचंच बघा. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, प्रवेश दहावीनंतर. मोटार जळली की आपण म्हणतो, 'लाईट खराब होती.' पण नेमकं काय होतं? तीनपैकी एक फेज जाते. चालू मोटार लगेच थांबत नाही, घरघरत राहते. तेवढंच काम ती उरलेल्या दोन फेजवर ओढते, तेव्हा त्या तारांतून सुमारे पावणेदोन पट करंट जातो. तारांवरचं इन्सुलेशन तापून करपतं आणि कॉईल जळते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले यासाठीच असतो. तो मोटारीच्या पाटीवरचा अँपिअर बघून लावायचा असतो. आपल्याकडे मात्र 'सारखा ट्रिप होतो' म्हणून त्याचा काटा वर सरकवतात, नाहीतर तो काढूनच टाकतात! हे ज्याला कळतं, तो पोरगा मोटार जळल्यावर कॉईल भरेल हे खरंच, पण जळण्याआधीच ती वाचवील. गावाला त्याचा खरा उपयोग हा.

बाकीचे व्यवसाय थोडक्यात सांगतो. तारतंत्री, म्हणजे वायरमन, दोन वर्षांचा. संधाता, म्हणजे वेल्डर, एक वर्षाचा. नांगर, ट्रॉली, शेडचे अँगल, सगळं त्याच्याकडेच येतं. या दोन्हींना आठवी पास मुलालाही अर्ज करता येतो. डिझेल मेकॅनिक आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हेही आहेत. पी.एम. कुसुम योजना 2019 साली आली तेव्हापासून सौर पंप वाढले, त्यासाठी सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा व्यवसाय काही ठिकाणी आहे. प्रत्येक संस्थेत प्रत्येक व्यवसाय नसतो, हे मात्र ध्यानात ठेवा. आणि मुलींनाही हे सगळे व्यवसाय खुले आहेत बरं का. वाइंडिंगला ताकद कमी अन् नेटका हात जास्त लागतो.

आता सावधगिरीची गोष्ट. बाजारपेठेत फलक लावून 'तीन महिन्यांत सर्टिफिकेट' देणारे पुष्कळ आहेत. फी भरण्याआधी एवढंच विचारा: या व्यवसायाच्या या तुकडीला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची संलग्नता आहे का? शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळणार का? ते असेल तर शिकाऊ उमेदवारीला, म्हणजे अप्रेंटिसशिपला, जाता येतं आणि तिथं विद्यावेतन मिळतं. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पुरा केलेल्याला पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचीही वाट आहे. सरकारी संस्था असली तरी एकदा पोराबरोबर जाऊन कार्यशाळा बघून या. मोटारी उघडलेल्या दिसतात की कपाटात नव्याकोऱ्या ठेवलेल्या? पोरांचे हात काळे आहेत का? माहितीपत्रकापेक्षा त्यावरून जास्त कळतं.

ज्याला एकच काम शिकायचं नाही त्याच्यासाठी पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथं विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो 1983 साली सुरू केला. तिथं वर्षभर राहून वेल्डिंग, वीज, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य असं सगळंच थोडं थोडं, पण हातानं करून शिकता येतं. खेड्याला असा पाच कामं जाणणारा माणूस लागतोच.

आणि ज्यांचं शिकायचं वय उलटलं असं घरचे म्हणतात, त्यांनी जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करावी. ती बँक चालवते. राहणं, जेवण, शिक्षण फुकट. मोटार रिवाइंडिंगचा साधारण महिनाभराचा वर्ग असतो, पण तो कधी लागेल ते आधी विचारून नाव नोंदवावं लागतं.

आय.टी.आय.चे अर्ज दहावीच्या निकालाच्या सुमारास ऑनलाईन निघतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा आणि लागू असेल तर जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते. पसंतीक्रम भरताना घाई नको. पहिल्या पसंतीची जागा मिळाली आणि ती घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांना मुकावं लागतं. म्हणून जे खरंच शिकायचं तेच वर लिहा. अर्ज भरायला पोराला एकट्याला सायबर कॅफेत पाठवू नका, शक्यतो जवळच्या शासकीय आय.टी.आय.त जाऊन तिथल्या लोकांना विचारून भरा.