दप्तराची दुसरी प्रत

दक्षिण कोरियातील देजॉन शहरी २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री शासनाच्या माहिती-केंद्राला आग लागली. दहा वर्षांची मुदत उलटून गेलेल्या लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता त्यांतील एकीने पेट घेतला आणि सहाशेहून अधिक शासकीय संगणकसेवा ठप्प झाल्या. पुढे बहुतेक सेवा पूर्ववत झाल्या. परंतु सुमारे सव्वा लाख कर्मचारी ज्या सामायिक साठ्यात आपली कागदपत्रे ठेवीत, तो ८५८ टेराबाइटांचा साठा कायमचा गेला. त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. साठा फार मोठा असल्यामुळे तशी व्यवस्था करता आली नाही, असे सांगण्यात आले. संपत्ती फार, म्हणून कुलूप लावले नाही, असेच हे समर्थन नव्हे काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेत जगातील पहिल्या तिघांत बसण्याची आकांक्षा धरणाऱ्या देशात हे घडावे, यातच खरा धडा आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता यात नवल नाही. नवे यंत्र घेतले की उद्घाटन करता येते. जुनी बॅटरी वेळेवर बदलली तर कोणी हार घालीत नाही. देखभालीच्या खर्चाचे फळ म्हणजे न झालेले नुकसान, आणि न झालेल्या नुकसानाला जमाखर्चात रकाना नसतो. म्हणून काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते.

आपल्याकडील अनुभव काय सांगतो? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला होऊन माहिती कुलूपबंद झाली. कित्येक दिवस नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. तरीही रुग्णांची माहिती परत मिळाली, कारण प्रत ठेवलेला एक संगणक हल्ल्यातून वाचला होता. जुलै २०२४ च्या अखेरीस सहकारी व ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर असाच हल्ला झाला, तेव्हा सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार काही काळ अडले. पगाराची तारीख आणि असा दिवस एकच निघाला, तर कारकुनाच्या घरी काय होईल, हे सांगावयास नको.

आता प्रत्येक संस्थेला कृत्रिम बुद्धिमत्तेची घाई झाली आहे. परंतु ही बुद्धी माहितीवर पोसली जाते. माहिती विस्कळीत व चुकीची असेल, तर निष्कर्षही तसेच निघणार. ती नीट लावून एकत्र आणली, तर चोरालाही एकच घर फोडणे पुरेसे होणार. तेव्हा आधुनिकीकरण म्हणजे केवळ वेगवान यंत्रांची खरेदी नव्हे. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, एक तरी दुसऱ्या गावी असावी, असा या क्षेत्रातील जुना नियम आहे. एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी, कोणी काय पाहावे हे ठरलेले असावे, आणि प्रतीवरून काम पुन्हा उभे राहते की नाही याची वरचेवर परीक्षा व्हावी, ही त्याला आजची जोड.

लहान संस्थांना हे परवडेल काय, हा आक्षेप रास्त आहे. एकट्या पतपेढीला वा महाविद्यालयाला ते झेपणार नाही. सहकाराचे तत्त्व येथे उपयोगी पडावे; अनेकांनी मिळून साठवणीची सोय करावी. मात्र २०२४ च्या घटनेने दाखविल्याप्रमाणे सामायिक सोयीबरोबर संकटही सामायिक होते. म्हणून तिची तपासणी स्वतंत्र व कडक हवी, आणि अंदाजपत्रकात देखभालीचा वाटा आधीच राखून ठेवलेला हवा.

पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले आजही पाहावयास मिळतात. कागद आपोआप टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोणीतरी तो राखीत आले, म्हणून तो टिकला. आपल्या गुणपत्रिका, सातबारा आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी आता यंत्रांत आहेत. त्या राखणाऱ्यांचा खर्च कोण सोसणार, हे आग लागण्यापूर्वी ठरविणे शहाणपणाचे होईल.