‘स्थिर’ म्हणजे निर्दोष नव्हे

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात शेकडो आज्ञावल्या एकमेकींच्या आधाराने काम करतात. त्या जगभरातील लोकांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या असतात. त्या गोळा करून, एकमेकींशी जुळवून तयार केलेल्या संचाला ‘वितरण’ म्हणतात. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेले डेबियन हे असेच एक वितरण. त्यातील एखादी आज्ञावली, म्हणजे पॅकेज, ‘स्थिर’ कशी ठरते?

डेबियनमध्ये अस्थिर, चाचणी आणि स्थिर अशा तीन पायऱ्या आहेत. नवी आवृत्ती सहसा प्रथम ‘अस्थिर’ विभागात येते. त्याचे नाव ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटात खेळणी मोडणाऱ्या मुलाचे हे नाव! तेथे ती सर्वसाधारणपणे २ ते १० दिवस थांबते. या काळात हौशी मंडळी ती वापरून दोष कळवतात. नवा गंभीर दोष आढळला नाही, निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांसाठी ती तयार झाली, आणि तिच्यामुळे दुसरे पॅकेज अडत नसले, तर ती ‘चाचणी’ विभागात जाते. ही छाननीही एक आज्ञावलीच करते.

साधारण दोन वर्षांनी ‘चाचणी’ विभाग गोठवतात. मग नव्या सोयी घेणे बंद. फक्त दोष काढायचे. गंभीर दोष पुरेसे कमी झाले, की सगळा संच ‘स्थिर’ म्हणून जाहीर होतो. ‘ट्रिक्सी’ हा संच ९ ऑगस्ट २०२५ रोजी असाच जाहीर झाला. त्यानंतर सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या होतात, पण शक्यतो जुन्याच आवृत्तीत.

या थांबण्याचा उपयोग काय? माहिती दाबून लहान करणाऱ्या ‘एक्सझेड’ या आज्ञावलीत २०२४ साली कुणीतरी चोरवाट घुसवली. अस्थिर विभागातून ती चाचणी विभागातही पोचली. म्हणजे वरची छाननी तिला अडवू शकली नाही. दूरच्या संगणकात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी चोरवाट उघड केली. तोवर ती ‘स्थिर’ संचात पोचली नव्हती. तिला अडवले ते वेळेने आणि एका चौकस वापरकर्त्याने.

मात्र वेळ नेहमीच तारत नाही. २००६ साली डेबियनने स्वतःच ‘ओपनएसएसएल’ या पॅकेजमध्ये केलेल्या बदलामुळे त्यातून बनणाऱ्या गुप्त किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या झाल्या. हा दोष २००७च्या स्थिर संचातही गेला आणि मे २००८मध्ये उघड झाला.

म्हणून ‘स्थिर’ या शब्दाचा नेमका अर्थ ध्यानात ठेवावा: न बदलणारे, निर्दोष नव्हे. शाळेच्या संगणक कक्षासाठी हा गुण मोलाचा आहे, कारण जूनमध्ये शिकवलेली कृती मार्चमध्येही तशीच चालते. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र वेळच्या वेळी घेत राहिल्या पाहिजेत.