चूक इंग्रजीत, कारण मराठीत!

गेल्या वर्षीची गोष्ट. इंटर्नशिपसाठी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू होता. समोरच्या मॅडम परदेशातून बोलत होत्या. सगळं मस्त चाललं होतं. शेवटी माझ्या मार्कशीटवर नजर टाकत त्यांनी सहज विचारलं, ‘‘यू डोन्ट हॅव एनी बॅकलॉग्ज, डू यू?’’ आयुष्यात एकही एटीकेटी न लागलेली मी, छाती फुगवून म्हणाले, ‘‘येस, मॅम!’’

त्यांचा चेहरा पडला. ‘‘ओह. हाऊ मेनी?’’

मी सारवासारव केली, पण तोवर इतकी गडबडले होते की पुढची दोन उत्तरंही फसली. इंटर्नशिप गेली. त्याला इतरही कारणं असतील. पण त्या रात्री मी स्वतःला एकच कारण सांगितलं, ‘माझं इंग्लिश वीक आहे.’ दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या तुमच्यापैकी अनेकांना हे वाक्य पाठ असेल.

माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला फोनवर हे रडगाणं सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, ‘‘अगं, तू मराठीत बरोबर उत्तर दिलंस. फक्त शब्द इंग्रजी वापरलेस!’’

विचार करा. ‘तुला केटी नाहीत ना?’ याला आपण म्हणतो, ‘हो, नाहीत.’ आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला असतो. इंग्रजीतला ‘येस’ किंवा ‘नो’ मात्र आपल्याच उत्तराला चिकटलेला असतो. उत्तरात ‘नॉट’ येणार असेल तर सुरुवातही ‘नो’नेच. ‘नो, आय डोन्ट.’ बस्स, एवढंच! दहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही बीएड करत असाल, संध्याकाळी शिकवण्या घेत असाल किंवा धाकट्या भावाचा अभ्यास तुमच्या गळ्यात पडला असेल, तर पुढचं खास तुमच्यासाठी. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. तरी काही चुका पिढ्यान् पिढ्या तशाच राहतात, कारण आपण चूक खोडतो, ती येते कुठून ते बघत नाही.

मुलगा की मुलाला?

‘अ’ आणि ‘द’ हे सगळ्यांचंच दुखणं. मराठीत आर्टिकल्स नाहीत, म्हणून ती ‘पाठ करा’ असं सांगितलं जातं. पण त्यांच्यामागचा अर्थ मराठीत आहेच की! ‘घरचे मुलगा शोधतायत’ आणि ‘घरचे मुलाला शोधतायत’ ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात लग्नाची गडबड आहे, दुसऱ्यात बहुतेक पोलीस स्टेशन गाठायची वेळ! पहिला मुलगा अजून कुणीही असू शकतो, म्हणून ‘अ बॉय’. दुसरा ठरावीक, ओळखीचा, म्हणून ‘द बॉय’. तसंच ‘दारात कुत्रा आहे’ म्हणजे कुठला तरी, ‘अ डॉग’. ‘कुत्रा दारात आहे’ म्हणजे आपला नेहमीचा, ‘द डॉग’. जे काम आपण ‘ला’ लावून किंवा शब्द मागे-पुढे करून करतो, ते इंग्रजी या दोन छोट्या शब्दांकडून करून घेते.

आणि ‘अ’ की ‘ॲन’? इथे तर देवनागरी मदतीला धावते. शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. म्हणून ॲन अवर, ॲन ऑनेस्ट मॅन. पण अ युनिव्हर्सिटी, अ वन-वे रोड. स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी सोप्पं: ॲन एमपीएससी एक्झाम, पण अ यूपीएससी एक्झाम!

‘हॅव’चा झोल

‘मी त्याला कालच सांगितलंय’ हे अस्सल मराठी वाक्य. त्याचं ‘आय हॅव टोल्ड हिम यस्टरडे’ होतं आणि लाल रेघ ओढली जाते. इंग्रजीत ‘हॅव टोल्ड’चा संबंध आत्ताशी असतो. ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘2019 मध्ये’ असा संपलेला काळ सांगितला की ‘हॅव’ काढायचा: ‘आय टोल्ड हिम यस्टरडे.’

आता उलटी गंमत. ‘मी तीन वर्षांपासून पुण्यात राहते’ यात साधा वर्तमानकाळ आहे. म्हणून आपण बिनधास्त म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स थ्री इयर्स.’ इथे मात्र इंग्रजीला ‘हॅव’ हवा असतो, कारण राहणं तेव्हा सुरू झालं आणि आजही चालू आहे: ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर थ्री इयर्स.’ शिवाय आपला एकच ‘पासून’ दोन कामं करतो. ‘2021पासून’ म्हणजे सुरुवात, तिथे ‘सिन्स’. ‘तीन वर्षांपासून’ म्हणजे मोजमाप, तिथे ‘फॉर’.

कळत नाहीये, येत नाही

‘मला कळत नाहीये’चं ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ का होतं, ते आता तुम्हीच ओळखाल. नो, अंडरस्टँड, बिलाँग ही क्रियापदं कृती नाही, स्थिती सांगतात. त्यांना सहसा ‘इंग’ लागत नाही. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ चूक, कारण भाऊ असणं ही स्थिती. पण ‘आय ॲम हॅविंग लंच’ बरोबर, कारण जेवणं ही कृती. मुलांना नुसतं ‘हॅविंग चूक’ असं सांगितलं तर ती जेवतानाही घाबरतील!

अजून एक. ‘तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबते.’ या वाक्यातला ‘नाही’ मुलं इमानदारीने सोबत नेतात: ‘अंटिल यू डोन्ट कम.’ पण ‘अंटिल’च्या पोटात तो ‘नाही’ आधीच आहे. म्हणून फक्त ‘अंटिल यू कम’.

प्रत्येक लाल रेघ खरी नसते

‘बिकॉज’ने वाक्य सुरू करायचं नाही, प्रीपोझिशनने संपवायचं नाही, हे आपल्याला दरडावून सांगितलेलं असतं. चांगले इंग्रजी लेखक दोन्ही गोष्टी सर्रास करतात. ‘प्रीपोन’ला आपण हसतो, पण तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही सापडतो. शिकवणाऱ्याने कुठे अडवायचं आणि कुठे सोडून द्यायचं, हेही शिकायला हवं.

आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून इंग्रजी गिरवलं, म्हणजे मराठीचं बोट धरूनच. नंतर वर्गात ‘ओन्ली इंग्लिश’ची हवा आली आणि ते बोट सुटलं. इंग्रजी भरपूर कानावर पडायलाच हवं, वादच नाही. पण एकदा वर्गात हसं झालं की मूल पुढे तोंडच उघडत नाही. मी सातवीनंतर वर्गात इंग्रजीत हात वर केलेला मला आठवत नाही.

मावशीच्या वर्गात कुणी चुकलं की ती आधी विचारते, ‘‘बाळा, मराठीत काय म्हणायचं होतं?’’ मूल ते वाक्य म्हणतं. मग ती फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिते आणि वर्गाला फरक शोधायला लावते. लाल पेन बाहेर काढण्याआधी तुम्हीही हा प्रश्न एकदा विचारून बघा. तुम्हाला जमेल, नाही का?

आणि हो, इंग्रजीत उत्तर देणार असाल तर जरा जपून!